कोहळ्याची दाढी

दाढी ही पाहून करायची गोष्ट नाही, ऐकून करायची गोष्ट आहे, असं आमच्या गोंदियाच्या घरमालकांचं मत होतं. त्यामुळे त्यांच्याकडे दाढीच्या वेळी आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलेला असे. "आरशात पाह्यलं का माणूस आपल्याच थोबाडाच्या प्रेमात पडते," ते म्हणत, "अन् प्रेमात पडलेल्याच्या हाती उस्तरा देऊ नये." वस्तरा बरोबर चालला तर वाळक्या पानांवरून शेळी चालल्यासारखा आवाज येतो, चुकला तर आवाज येत नाही, रक्त येतं. हे त्यांचं शास्त्र. ते स्वतः सकाळी एकदा आणि दिवेलागणीच्या आधी एकदा दाढी करत. संध्याकाळची कोणासाठी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पब्लिकसाठी." अंगणात तेव्हा मी, शेळी आणि त्यांची बायको एवढीच पब्लिक होती.

गल्ली त्यांना बाबाजी म्हणायची, मीही तेच म्हणायचो. बायको, जिला मी मावशी म्हणायचो ती, त्यांच्या समोर उभी राहून त्यांच्याबद्दल बोलायची: "बुढा चहा घेते, का शेळीले पाजू?" यावर बाबाजी मान एका बाजूला कलती करत आणि खांद्यावर नसलेला पदर सावरत. नवा माणूस चाट पडायचा. कारण साधं होतं. तरुणपणी ते दंडारीत बाईचं काम करत. दंडार म्हणजे इकडचं लोकनाट्य, धानाची कापणी आटोपली की गावोगाव चालणारं. बाबाजींनी राण्या केल्या, सवती केल्या, छळलेल्या सुना केल्या आणि छळणाऱ्या सासवाही केल्या. गॅसबत्तीच्या उजेडात एक खुंट जरी चमकला तरी राणीचं राज्य जायचं, म्हणून वस्तरा. दुकानातलं प्लॅस्टिकचं रेझर त्यांना माणसाच्या वापराचं वाटायचंच नाही. "ते चरते बे. उस्तरा कापते."

एका गावच्या पाटलाने राणीवर खूश होऊन लुगडं पाठवलं होतं. ते लुगडं मावशी सणावारी नेसायची आणि कोणी न विचारता सांगायची, "हे माह्या नवऱ्याले आलं होतं. मी नेसून राहिली."

माणसाची पारख बाबाजी दाढीवरून करायचे. पोस्टमन उजव्या गालावर घाई करतो, म्हणून तो पत्रं टाकतानाही घाई करत असणार. भाजीवाल्याच्या हनुवटीखाली नेहमी एक झुपका राहतो, म्हणून त्याच्याकडचे टोमॅटो खालून पाहून घ्यायचे. पेपर आला की बातम्या न वाचता फोटो पाहायचे आणि पुढाऱ्यांचा निकाल लावायचे. "हा पडते. गळ्यापाशी पाह्य कसा राहिला." आश्चर्य म्हणजे त्यातले काही खरंच पडायचे. न पडलेल्यांबद्दल बोलायचं नाही, असा घरात नियम होता.

मी या घरात कसा आलो, तर गाडीमुळे. आमच्या सातारा भागातून जाणारी एक गाडी गोंदियाला संपते. मी नववीतून शाळा सोडली, वडिलांशी वाजलं, आणि त्या गाडीत बसलो. कुठे उतरायचं ते ठरवलं नव्हतं; गाडी संपली म्हणून उतरलो. राईस मिलमध्ये पोती शिवण्याचं काम मिळालं. खोली मात्र कोणी देईना. ओळख कोणाची, गाव कुठलं, असं विचारायचे आणि मी उत्तर देईपर्यंत दार लावून घ्यायचे. बाबाजींनी ओळख विचारली नाही. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि म्हणाले, "अजून नाही फुटली. राहा." माझा स्वभाव आधीच घाबरा, त्यात उपकाराखाली दबलेला. तेव्हापासून बाबाजींना नाही म्हणणं मला जमलं नाही. बरीच वर्षं गेली, दाढी फुटली, मिशी चांगली भरघोस आली, तरी जमलं नाही.

म्हणून वस्तऱ्याचं प्रकरण घडलं.

झालं असं, की आमच्या मिलमधल्या एका मिस्त्रींनी त्यांच्या जवळच्या कामठा गावातल्या भाचीसाठी माझा विषय काढला. पोरगी मी एकदा मिलच्या फाटकापाशी पाहिली होती. मामाचा डबा घेऊन आली होती आणि फाटकावरच्या कुत्र्याला रागवत होती. कुत्रं खाली मान घालून ऐकत होतं. मला तेव्हाच वाटलं होतं की हिच्या हाताखाली आपलं बरं चालेल. पण त्या घरात शब्द चालायचा तो तिच्या आजोबांचा. आणि आजोबांनी एकच गोष्ट विचारली होती: "पोट्टा परमुलखातला हाय. त्याले बाप हाय का?" मिस्त्रींनी सांगितलं, हाय, साताऱ्याकडे. आजोबा म्हणाले, "मंग येतो घर पाहाले. बाप असला का पोरगं वाऱ्यावर नसते."

बाप होता. फक्त मी घर सोडल्यापासून माझ्याशी बोलत नव्हता. घराशेजारच्या किराणा दुकानात मी फोन करायचो, आई यायची, वडील यायचे नाहीत. हे मी कामठ्याच्या लोकांना सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं आणि मला घाम फुटायचा.

बाबाजींना मात्र चिंता वेगळीच. सलूनमध्ये जाऊन जाऊन माझ्या गालांवर पुरळ उठलं होतं. "हे तोंड घेऊन सोयरीक करतेस? काऊन, पोरीनं तुले पाह्यचं का मोजायचं? उस्तरा शिक. पाहुणे येतवरी गाल कसा पाह्यजे, तर माशी बसली का घसरली पाह्यजे."

शिकायला सुरुवात गालावर नव्हे, कोहळ्यावर झाली. अंगणातल्या मांडवावर मावशीचे कोहळे लागले होते. कोवळ्या कोहळ्यावर बारीक लव असते, हाताला टोचते. ती सगळी निघाली पाहिजे आणि सालीवर ओरखडा उठता कामा नये, अशी परीक्षा. बाबाजींनी स्टुलावर कोहळा ठेवला, कोळशाने त्याला नाकडोळे काढले, खाली टॉवेल गुंडाळला आणि साबणाचा फेस करून दिला. दाराच्या चौकटीला चामड्याचा पट्टा होता, त्यावर वस्तरा पुढेमागे ओढून माझ्या हातात ठेवला. मी तो कोहळ्याच्या गालावर टेकवून दाबला.

"दाबू नोको," बाबाजी म्हणाले. "त्याचं वजन पुरे हाय. तू दाबला का तोही दाबते. धान वाऱ्यानं झुकते तेवढाच आडवा ठेव. अन् बोल त्याच्याशी."

"कोणाशी?"

"गिऱ्हाइकाशी! मुक्यानं दाढी केली का माणूस घाबरते. इचार काहीतरी."

मी कोहळ्याला विचारलं, "काय म्हणतंय पीकपाणी?"

"बरं हाय जी," कोहळा बायकी आवाजात म्हणाला. बाबाजी माझ्या मागे उभे राहून बोलत होते. "पन हे काय, कानापाशी कापलं ना मले!"

"कोहळ्याला कान नाही बाबाजी."

"म्हणून तर वाचलास."

रोज सकाळी मिलला जाण्याआधी हा कार्यक्रम. एक दिवस गिऱ्हाईक म्हणून तहसीलदार यायचा, एक दिवस नवरदेव, एकदा तर कोहळा माझा होणारा आजेसासरा झाला आणि त्याने मला माझ्या सात पिढ्या विचारल्या. एकदा शेजारीण कढीपत्ता मागायला फाटकातून आत आली. फेस लावलेलं हिरवं डोकं स्टुलावर बसून बायकी आवाजात "हळू जी, हळू" म्हणतंय, हे पाहून ती कढीपत्ता न घेताच गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकाला लिंबूमिरची टांगलेली होती. आमच्या रक्षणासाठी नव्हे, आमच्यापासून गल्लीच्या रक्षणासाठी.

मावशीचा त्रास वेगळा होता. ओरखडा उठलेला कोहळा टिकत नाही. त्यामुळे मी जे कापलं ते आम्हाला खावं लागायचं. भाजी झाली, वड्या झाल्या, भाकरीच्या पिठात कीस गेला. "अजून किती दिवस याचा हात चुकून राहील?" मावशी विचारायची. "माह्या पोटात वेल उगवन आता." जेव्हा पहिल्यांदा एक अख्खा कोहळा बिनओरखड्याचा उतरला, तेव्हा तिने त्याची दृष्ट काढली.

मग गालावर आलो. आरसा भिंतीकडे, मी स्टुलावर, बाबाजी समोर मांडी घालून. डाव्या हाताने कातडी ताणायची, केस ज्या बाजूला वळतात त्याच बाजूने न्यायचं, आणि ऐकायचं. पहिल्या दिवशी मी एवढं ऐकलं की एक गाल होईपर्यंत मिल सुरू व्हायची वेळ झाली. दुसरा गाल तसाच घेऊन कामावर गेलो. पोती शिवणाऱ्या बायका दिवसभर एका बाजूने येऊन "कोण बापा हे?" आणि दुसऱ्या बाजूने जाऊन "अगा, हे तर आपलंच!" करत राहिल्या. पण हात बसत गेला. तुरटीचा खडा कमी झिजू लागला. पुरळही गेलं.

"मिशीले हात लावू नोको," बाबाजी मात्र रोज बजावायचे. "तुह्या बापाचं हाय ते." आणि रोज आपल्या वडिलांची गोष्ट सांगायचे.

तरुण बाबाजींनी दंडारीसाठी मिशी काढली तेव्हा घरी सांगितलंच नव्हतं. मुलाने मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर, हा इकडचा रिवाज, तसा आमच्याकडचाही. एकदा त्यांचे वडील बैल पाहायला म्हणून दुसऱ्या गावी गेले आणि तिथे रात्री दंडारीला बसले. समोर राणी मेलेल्या राजाच्या छातीवर पडून रडत होती. वडिलांनी राणीला नाकावरून ओळखलं. भर मंडपात उठून ओरडले, "अबे, मी जित्ता हावो ना! कायले मिशी काढली?"  राणीने डोळे पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि नाजूक आवाजात म्हणाली, "मामाजी, तुमी बसून घ्या जी. आमचं दुःख आमाले मोठं हाय." मंडप टाळ्यांनी हलला. लोकांना वाटलं, हा प्रवेशच आहे. पुढच्या गावी लोक अडून बसले, सासरा ओरडते तो सीन पाह्यजे. शेवटी वडिलांना बैलगाडीतून सोबत न्यावं लागलं. "तीन वर्सं ओरडले," बाबाजी सांगायचे. "मरेपर्यंत मले म्हणत, तुह्यापेक्षा माहं काम चांगलं होते."

पाहुणे यायच्या सकाळी मी दाढीला बसलो. गाल झाले, हनुवटी झाली, गळा झाला. फक्त मिशीची खालची कड सरळ करायची होती. बाबाजींच्या अंगात आजोबा आले होते. ते फाटकापासून स्टुलापर्यंत चालून दाखवत होते, पाहुणे कसे येतील, मी कसा उठून नमस्कार करायचा. वस्तरा मिशीला टेकला आणि त्याच क्षणी बाबाजींनी फाटकातून, मंडपाच्या टोकाला ऐकू जाईल अशी आरोळी दिली: "राम राम मंडळी!"

माझा हात उठला. म्हणजे नमस्काराला उठला. डाव्या बाजूची मिशी टोकाकडून अर्धी त्याच्याबरोबर गेली.

बाबाजी धावत आले. आरसा सुलटा केला. आम्ही दोघांनी पाहिलं आणि दोघांनीही तो पुन्हा उलटा केला.

"उजवी थोडी कमी कर," ते म्हणाले. "बरोबर दिसन." उजवी कमी केली तर डावी जास्त वाटू लागली. डावी केली तर उजवी. डुगडुगत्या पाटाचे पाय कापत जावे तसं करता करता नाकाखाली एक माशी बसल्यासारखं काहीतरी उरलं. बाबाजींनी ते लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. "काढ," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात मावशी पोह्याची परात घेऊन बाहेर आली. मला पाहिलं आणि परात दाणकन खाली ठेवली. "अगा माय! याचा बाप गेला का काय?"

तेव्हा कुठे आमच्या दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला. बाबाजी आत पळाले आणि दंडारीची जुनी पेटी उपसू लागले. गंगावन निघालं, बांगड्या निघाल्या, कापूस भरलेली चोळी निघाली. मिशी नाही. "जलमभर बाईच केली," ते पेटीवर बसून म्हणाले, "मिशी कोठून येईल?" फाटक वाजलं. मावशीने बाबाजींच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, माझ्या नाकाखालून गुंडाळून मागे गाठ मारली आणि म्हणाली, "दात दुखते म्हणाचं."

आजोबा आणि मिस्त्री येऊन खाटेवर बसले. आजोबा उंच, काठीसारखे, आणि त्यांची मिशी पांढरी, दोन्ही बाजूंना वळलेली. मी नमस्कार केला आणि दुपट्ट्यातून "दात" एवढंच म्हणालो. आजोबांना कळवळा आला. पोहे आले, मी खाल्ले नाहीत. चहा आला, मी घेतला नाही. आजोबांनी खिशातून लवंग काढली. "कोणता दात? दाखोव. मी ढोराचे दात पाहतो." मी मान हलवली. ते म्हणाले, लाजतेस कायले, आणि दुपट्टा खाली ओढला.

 आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कवा गेले?" ते हळू आवाजात म्हणाले.

 मी मान हलवून नाही-नाही केलं, तर त्यांना वाटलं मला दुःख अनावर झालं. मिस्त्रींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग आजोबांची नजर पोह्यांवर गेली, त्यावरच्या खोबऱ्यावर, रांगोळीवर, आणि त्यांचा चेहरा बदलला. "सुतकात सोयरीक? तिकडं बाप जळून राहिला अन् इकडं हे पोहे खाऊन राहिले? चाल रे मिस्त्री."

"जित्ता हाय जी त्याचा बाप!" बाबाजी आडवे आले.

"मंग मिशी काऊन काढली?"

"गेली. उस्तरा शिकून राहिला ना."

"कोणापाशी?"

"माह्यापाशी. पह्यले कोहळ्यावर शिकोलं..."

"कोहळ्यावर," आजोबा म्हणाले.

"त्याच्याशी बोलते बी बरं हा," बाबाजींनी माझे गुण वाढवून सांगितले.

आजोबा फाटकापर्यंत पोचले होते. मला दिसत होतं, ते फाटकाबाहेर गेले की कामठा गेलं, कुत्र्याला रागवणारी गेली, सगळं गेलं. माझ्याच तोंडून आवाज आला, तो मला ओळखू आला नाही. मी म्हणालो, "फोन लावा. त्यांनाच विचारा."

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये आम्ही सगळे घुसलो, मावशीसुद्धा. किराणा दुकानाचा नंबर लागला. पलीकडच्या पोराला मी सांगितलं की आईला नको, वडिलांना बोलाव. ते येत नाहीत, तो म्हणाला. मग बाबाजींनी रिसीव्हर हिसकावला आणि सांगितलं, "त्याइले म्हणा, तुमी मेले का नाही ते इचारून राहिले गोंदियावाले."

वडील आले. धापा टाकत आले, ते बूथभर ऐकू येत होतं. आजोबांनी रिसीव्हर घेतला. फोन लांबचा असला की ओरडून बोलावं लागतं, असा त्यांचा समज होता.

"हॅलो! कामठ्यावरून बोलून राहिलो! तुमी जित्ते हा का जी?"

"कोन हाय रं त्यो?" माझ्या वडिलांचा आवाज काचेच्या बाहेर गेला. "मेला आसंल तुजा बाप!"

आजोबांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "आवाज दमदार हाय." मग पुन्हा: "मिशी हाय का तुमाले?"

"हाय की! का, इकायची हाय?"

आजोबा पहिल्यांदा हसले. त्यांनी वडिलांना सगळं सांगितलं. सोयरीक, दात, दुपट्टा, कोहळा.  शेवटी आजोबा म्हणाले, "पाव्हणे, आमाले बाप पाह्यजे होता, तो आयकला. पोराची मिशी येऊ द्या, मंग तुमी या, तारीख काढू. बिनमिशीचा नवरदेव आमच्या गावात कोणी पाहणार नाही." आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी तो कानाला लावला. 

"मिशी काढलीस?" वडील म्हणाले.

"चुकून गेली."

"कशानं?"

"वस्तऱ्यानं."

"कुनी दिला तुला वस्तरा?"

मी बाबाजींकडे पाहिलं. "घरमालकांनी."

"दे त्येला."

बाबाजींनी शर्टाच्या बाह्या खाली केल्या, केस नीट केले. मला वाटलं आता राणी बोलेल, नाहीतर सासू. पण ते नुसते उभे राहून ऐकत होते. जन्मात कोणापुढे चूक कबूल न केलेला माणूस, "हाव जी," म्हणाला. मग, "हाव जी, चुकलंच आमचं." शेवटी "पाहतो जी. आता आमीच पाहतो," आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

बाबाजींनी आधी खांद्यावरचा नसलेला पदर डोळ्यांना लावला, मग लक्षात येऊन माझ्या गळ्यातल्या दुपट्ट्याने पुसले.

"तुहा बाप म्हणते," ते म्हणाले, "लहान हाय तो अजून. त्याच्या हाती उस्तरा कायले देता?"

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो.